चारही चाकांच्या पकडीचा ध्यास घेतलेला हॅरी फर्ग्युसन

पावसाळा सुरू झाला की मुंबई-पुण्याच्या हौशी मंडळींच्या फोर बाय फोर गाड्या सह्याद्रीच्या वाटा धरतात आणि रविवार सरला की त्यांतल्या काही सोमवारी गॅरेजच्या दारात उभ्या राहतात. तक्रारी बहुधा ठरलेल्या असतात. चिखलातून बाहेर आल्यावर लिव्हर परत टू-व्हील ड्राइव्हमध्ये येत नाही, वळताना गाडी कोणीतरी मागून धरून ठेवल्यासारखी अडते, पुढच्या बाजूने खडखड ऐकू येते किंवा डॅशबोर्डवरचा फोर बाय फोरचा दिवा नुसताच लुकलुकत राहतो. गेल्या पावसाळ्यात मुळशीच्या बाजूला एका परिचिताच्या पिकअपमध्ये प्रस्तुत वार्ताहराने यातला पहिला प्रकार अनुभवला. चिखलाचा टप्पा पार पडला, गाडी कोरड्या डांबरी रस्त्याला लागली, दोन-तीन वळणे झाली आणि लिव्हर जागचा हलेना. पहिल्या गॅरेजने गिअरबॉक्स उतरवावा लागेल असे सांगून छातीत धडकी भरेल असा आकडा पुढे केला. दुसऱ्या ठिकाणच्या वयस्क मेस्त्रींनी बॉनेटही उघडले नाही. गाडी सरळ रेषेत पंधरा-वीस फूट मागे घ्यायला लावली. लिव्हर अलगद सुटला.

वास्तविक त्या पिकअपमध्ये काहीही बिघडलेले नव्हते. वळणावर पुढची चाके मागच्या चाकांपेक्षा मोठ्या वर्तुळातून जातात. पुढच्या व मागच्या आसांत तीन मीटर अंतर असलेली गाडी मागच्या आसाच्या मध्याने सहा मीटर त्रिज्येचे एक पूर्ण वर्तुळ काढते तेव्हा तो आस सुमारे ३८ मीटर चालतो आणि पुढचा आस सुमारे ४२ मीटर. हा चार मीटरचा फरक कुठेतरी जिरावा लागतो. चिखलात चाके घसरतात आणि फरक त्यातच विरून जातो. कोरड्या डांबरावर मात्र टायर घसरायला तयार नसतो. पुढचा आणि मागचा आस ट्रान्सफर केसमध्ये एकमेकांना घट्ट बांधलेले असल्याने तो फरक शाफ्ट आणि दात्यांमध्ये पिळासारखा साठत जातो. हा पीळ लिव्हरला धरून ठेवतो. गाडी मागे घेतली की तो उलगडतो.

हे कोडे मुळातून सोडविण्यासाठी ज्याने आयुष्याची शेवटची दहा वर्षे आणि ट्रॅक्टरच्या धंद्यात कमावलेला पैसा खर्ची घातला, तो माणूस म्हणजे हॅरी फर्ग्युसन. पुणेकरांना या नावाने महाविद्यालय आणि त्याच्यासमोरचा रस्ता आठवेल. परंतु ते फर्ग्युसन म्हणजे मुंबईचे एके काळचे गव्हर्नर सर जेम्स. त्यांचा आणि या फर्ग्युसन यांचा काही संबंध नाही. खेड्यापाड्यांत ज्याला नुसते मॅसी म्हणतात त्या ट्रॅक्टरच्या नावाचा उत्तरार्ध मात्र यांचाच आहे.

हॅरीचा जन्म ४ नोव्हेंबर १८८४ रोजी आयर्लंडच्या उत्तर भागात, डाउन परगण्यातील ड्रोमोर गावाजवळच्या ग्रोवेल येथे झाला. अकरा भावंडांतला हा चौथा. वडील शेतकरी, अत्यंत धर्मनिष्ठ आणि तितकेच कडक. चौदाव्या वर्षी शाळा सुटली आणि हॅरी शेतावर राबू लागला. हे काम त्याला मनापासून नावडे. कॅनडाला निघून जाण्याचा विचारही त्याने केला होता. १९०२ मध्ये थोरल्या भावाने, ज्योने, बेलफास्टमधील आपल्या सायकल व मोटार दुरुस्तीच्या दुकानात त्याला उमेदवार म्हणून घेतले आणि आयुष्याची दिशा ठरली. इंजिन जुळवून देण्यात हॅरीचा हात बसला. दुकानाची जाहिरात म्हणून तो मोटारसायकलच्या शर्यतींतही उतरू लागला. पुढे विमानाचे वेड लागले. ३१ डिसेंबर १९०९ रोजी हिल्सबरो येथे स्वतः तयार केलेल्या विमानातून त्याने सुमारे १३० यार्डांचे उड्डाण केले. आयर्लंडच्या भूमीवरचे हे पहिले विमानोड्डाण होय. काही काळाने विमान मागे पडले. १९११ मध्ये हॅरी फर्ग्युसन यांनी बेलफास्टमध्ये स्वतःचा मोटारींचा व्यवसाय सुरू केला आणि १९१३ मध्ये मॉरीन वॉटसन यांच्याशी त्यांचा विवाह झाला.

पहिल्या महायुद्धात अन्नधान्याची टंचाई भासू लागली तेव्हा, १९१७ मध्ये, आयर्लंडमधील सरकारी ट्रॅक्टरांचे काम सुधारण्याची जबाबदारी त्यांच्याकडे आली. विली सँड्स हा कुशल सहकारी सोबतीला होता. दोघे शेतोशेत हिंडले आणि तिथे फर्ग्युसन यांना त्यांच्या आयुष्याचा प्रश्न सापडला. त्या काळचे ट्रॅक्टर नांगर घोड्याप्रमाणे नुसता मागे ओढत. चाकांना पकड मिळावी म्हणून कारखानदार ट्रॅक्टरचे वजन वाढवीत आणि त्या वजनाने जमीन दडपून जाई. ट्रॅक्टर हलका ठेवला तर निराळाच धोका असे. नांगराचा फाळ खडकाला अडला की मागची चाके जागीच थबकत, इंजिनाचे बळ त्या आसाभोवती सारे धूडच फिरवी आणि ट्रॅक्टर पुढून उचलला जाऊन चालकाच्या अंगावर पालथा होई. यात अनेक शेतकरी जिवाला मुकले होते.

लोखंड वाढविण्याऐवजी फर्ग्युसन यांनी ट्रॅक्टर व नांगर यांना जोडणाऱ्या सांध्याकडे लक्ष वळविले. तीन सांध्यांनी नांगर ट्रॅक्टरला असा जोडला की मातीचा विरोध वरच्या दांड्यातून पुढे दाबला जाई आणि पुढची चाके जमिनीला धरून राहत. नांगराचा भार मागच्या चाकांवर येऊन त्यांची पकडही वाढे. त्याला हायड्रॉलिक नियंत्रणाची जोड मिळाली. माती घट्ट लागली की नांगर आपोआप किंचित वर येई, मऊ लागली की खाली जाई. या नियंत्रणाच्या पेटंटसाठी त्यांनी १९२५ मध्ये अर्ज केला. आज विदर्भापासून कोकणापर्यंत कोणत्याही ट्रॅक्टरच्या मागे जी तीन टोकांची जोडणी दिसते तिचे मूळ इथे आहे.

या कल्पनेवर उभा राहिलेला पहिला ट्रॅक्टर १९३६ मध्ये डेव्हिड ब्राउन यांच्या हडर्सफील्डच्या कारखान्यातून बाहेर पडला. सुमारे साडेतेराशे ट्रॅक्टर निघाले आणि भागीदारांचे फाटले. ऑक्टोबर १९३८ मध्ये फर्ग्युसन यांनी आपला ट्रॅक्टर अमेरिकेत नेऊन हेन्री फोर्ड यांना चालवून दाखविला. फोर्ड इतके प्रभावित झाले की दोघांत केवळ हस्तांदोलनावर करार झाला. कागद झाला नाही. १९३९ पासून फोर्डच्या कारखान्यात फर्ग्युसन पद्धतीचे तीन लाखांहून अधिक ट्रॅक्टर तयार झाले. हेन्री फोर्ड यांच्या नातवाकडे सूत्रे आल्यावर मात्र त्याने हा तोंडी करार मोडीत काढला. फर्ग्युसन यांनी १९४८ मध्ये २५ कोटी १० लाख डॉलरचा दावा ठोकला. १९५२ मध्ये ९२ लाख ५० हजार डॉलरवर तडजोड झाली. दरम्यान १९४६ मध्ये कॉव्हेंट्रीच्या बॅनर लेन येथे त्यांच्या छोट्या करड्या ट्रॅक्टरचे उत्पादन सुरू झाले होते. दहा वर्षांत असे पाच लाखांहून अधिक ट्रॅक्टर बाहेर पडले. सर एडमंड हिलरी जानेवारी १९५८ मध्ये दक्षिण ध्रुवावर पोहोचले ते याच ट्रॅक्टरांना पट्टे चढवून. १९५३ मध्ये फर्ग्युसन यांनी आपला व्यवसाय कॅनडाच्या मॅसी-हॅरिस कंपनीत विलीन केला. किमतीतील दहा लाख डॉलरच्या मतभेदाचा निकाल नाणे उडवून लावण्यात आला आणि त्यात फर्ग्युसन हरले. वर्षभरातच ते त्या कंपनीच्या अध्यक्षपदावरून बाजूला झाले.

सत्तरीला टेकलेला, गडगंज संपत्ती मिळविलेला माणूस एव्हाना विसावला असता. परंतु फर्ग्युसन यांच्या डोक्यात निराळेच चक्र फिरत होते. मोटारशर्यतींशी त्यांचा संबंध जुना होता. १९२८ मध्ये अल्स्टरमधील आर्ड्‌स येथे टूरिस्ट ट्रॉफी शर्यत भरविण्यात त्यांनी पुढाकार घेतला होता. १९३६ मध्ये पावसाने निसरड्या झालेल्या त्याच मार्गावरून एक मोटार गर्दीत घुसली आणि आठ प्रेक्षक ठार झाले. या अपघाताचा आणि त्यांच्या पुढील ध्यासाचा थेट दुवा जोडण्याचा मोह टाळलेला बरा. मात्र त्या वर्षीची शर्यत जिंकणाऱ्या जोडीतला एक जण पुढे त्यांच्या चमूत आला, हे खरे.

तो म्हणजे फ्रेडी डिक्सन, हाडाचा शर्यतबाज आणि यंत्रांचा जाणकार. त्याचा भागीदार टोनी रोल्ट हा लष्करी अधिकारी होता. महायुद्धात जर्मनांच्या कोल्डिट्झ किल्ल्यात कैदेत असताना पळून जाण्यासाठी माळ्यावर गुपचूप ग्लायडर बांधण्याच्या खटाटोपात तो सामील होता आणि पुढे १९५३ मध्ये त्याने ल मां येथील २४ तासांची शर्यतही जिंकली. चारही चाकांना बळ देणाऱ्या मोटारीचे प्रयोग या दोघांनी सुरू केले होते. त्यांची प्रायोगिक गाडी क्रॅब, म्हणजे खेकडा, या नावाने ओळखली जाई. फर्ग्युसन यांनी या कामात पैसा घातला आणि १९५० मध्ये हॅरी फर्ग्युसन रिसर्च ही कंपनी उभी राहिली. अ‍ॅस्टन मार्टिनमधून आलेले क्लॉड हिल हे तिचे मुख्य अभियंता झाले.

आता अडचण नेमकी कोणती होती ते पाहू. युद्धकाळातल्या जीपने फोर व्हील ड्राइव्ह जगाला परिचित करून दिला होता. आपल्याकडेही १९४९ पासून मुंबईत महिंद्र कंपनी विलीज जीपची जोडणी करू लागली. पण जीपचा फोर व्हील ड्राइव्ह चिखलापुरता होता. कायम लावून ठेवला तर डांबरावर तोच पीळ बसायचा. यावर उपाय म्हणून पुढच्या व मागच्या आसांमध्ये तिसरे डिफरन्शियल घालावे, तर नवे संकट उभे राहते. डिफरन्शियलचा स्वभावच असा की तो दोन्ही बाजूंना सारखेच बळ देतो. एक बाजू बर्फावर किंवा शेवाळावर गरगरू लागली की तिला फिरवायला नाममात्र बळ पुरते आणि दुसऱ्या बाजूलाही तेवढेच नाममात्र बळ मिळते. तिन्ही डिफरन्शियल मोकळी असतील तर चारांपैकी एक चाक घसरले तरी गाडी जागच्या जागी रुतून बसते. बांधावे तर पीळ बसतो आणि सोडावे तर पकड जाते. या दोन टोकांमध्ये अनेकांची बुद्धी अडली होती.

फर्ग्युसन यांच्या चमूने शोधलेली वाट मधली होती. वळणावर पुढच्या व मागच्या आसांच्या वेगात पडणारा फरक थोडाच असतो. चाक घसरते तेव्हा पडणारा फरक त्याहून पुष्कळ मोठा असतो. तेव्हा मधल्या डिफरन्शियलला एकाच दिशेने पकडणारे दोन क्लच असे जोडायचे की ठरावीक मर्यादेपर्यंतचा फरक विनातक्रार चालू द्यावा आणि ती ओलांडली की दोन्ही आस एकमेकांना बांधले जावेत. चालकाने लिव्हर ओढण्याची गरजच उरली नाही. नेहमीचे वळण कोणते आणि घसरण कोणती, हे निदान गाडी स्वतःच करू लागली. याचा दुसरा फायदा ब्रेकमध्ये झाला. चारही चाके एकमेकांशी बांधलेली असल्याने एकटेच चाक अडकून घसरण्याचा संभव कमी झाला. विमानांसाठी तयार झालेली डनलॉपची मॅक्झारेट ही चाक अडकू न देणारी योजनाही त्यांनी मोटारीला जोडली. साठ वर्षांनी रस्त्यावरील सर्वसामान्य मोटारींत जे गृहीत धरले गेले, ते या माणसाने पन्नाशीच्या दशकात एकाच गाडीत बसवून दाखविले होते.

आर-फाइव्ह नावाची ही प्रायोगिक गाडी काही श्रीमंतांचे खेळणे नव्हती. ऐसपैस स्टेशन वॅगनसारखी, कुटुंबाने वापरावी अशी ती होती. पावसात, बर्फात, कोणत्याही सामान्य चालकाच्या हातात सुरक्षित राहणारी मोटार घरोघरी जावी, ही फर्ग्युसन यांची इच्छा होती. मोटार कारखानदारांपुढे प्रात्यक्षिके झाली, चर्चा झाल्या. कौतुक पुष्कळ झाले, मागणी कोणीच नोंदविली नाही. कारखानदारांचेही पूर्ण चुकले असे म्हणता येत नाही. एक जादा डिफरन्शियल, जादा शाफ्ट, जादा वजन, आणि हे सारे अशा गाडीत की जिच्या ग्राहकाने असे काही मागितलेलेच नाही. ट्रॅक्टर विकताना शेतात नांगर चालवून दाखविला की शेतकऱ्याला लगेच पटत असे. न झालेला अपघात कसा दाखवणार? शिवाय फर्ग्युसन यांचा स्वभावही आडवा येत असावा. कमालीचे टापटिपीचे आणि आपल्या मतावर अढळ असलेले हे गृहस्थ भागीदारांशी फार काळ जमवून घेत नसत, हे त्यांच्या प्रत्येक करारात दिसून येते.

अखेर शर्यतीच्या मैदानात जाऊन जगाला दाखवायचे ठरले. पी-९९ या शर्यतीच्या मोटारीचे काम सुरू झाले. फर्ग्युसन यांना ती धावताना पाहता आली नाही. निद्रानाश आणि नैराश्याने ते बराच काळ ग्रासलेले होते. २५ ऑक्टोबर १९६० रोजी इंग्लंडमधील ॲबट्सवुड या राहत्या घरी त्यांचा मृत्यू झाला. झोपेच्या औषधांचे अतिसेवन हे त्याचे कारण ठरले. ते चुकून झाले की जाणूनबुजून, याचा निर्णय चौकशीत होऊ शकला नाही. त्यांचे वय ७५ वर्षांचे होते.

पी-९९ पुढच्या वर्षी मैदानात उतरली. १५ जुलै १९६१ रोजी पावसात झालेल्या ब्रिटिश ग्रां प्रीमध्ये ढकलून चालू केल्याबद्दल ती बाद ठरली. मात्र २३ सप्टेंबर १९६१ रोजी आउल्टन पार्कच्या ओलसर मार्गावर स्टर्लिंग मॉसने तिच्यातून गोल्ड कप जिंकला. ही शर्यत जागतिक अजिंक्यपदात मोजली जात नव्हती. तरीही फॉर्म्युला वन जातीची शर्यत जिंकलेली फोर व्हील ड्राइव्ह मोटार आजवर ही एकच. नंतर १९६४ मध्ये पीटर वेस्टबरीने तिच्यावर ब्रिटनचे चढण-शर्यतींचे अजिंक्यपदही मिळविले. १९६६ मध्ये आलेल्या जेन्सन एफएफ या आलिशान मोटारीत फर्ग्युसन पद्धतीचा फोर व्हील ड्राइव्ह आणि मॅक्झारेट ही दोन्ही बसविलेली होती. अवघ्या ३२० गाड्या निघाल्या. घरोघरीची मोटार शेवटी धनिकांच्याच दारात उभी राहिली, हा या कथेतला कडवट भाग.

तथापि रोल्ट थांबले नाहीत. १९७१ मध्ये त्यांनी स्थापन केलेल्या एफएफ डेव्हलपमेंट्स या कंपनीने त्या एकेरी क्लचांच्या जागी व्हिस्कस कपलिंग आणले. बंद डब्यात पातळ चकत्यांच्या दोन माळा एकाआड एक बसविलेल्या आणि मध्ये दाट सिलिकॉन द्रव. दोन्ही माळांच्या वेगात थोडा फरक असेल तर द्रव वाट देतो, फरक वाढला की अडवून धरतो. कल्पना तीच, फक्त लोखंडाचे काम द्रवाने केले. १९८० च्या अमेरिकन ईगल मोटारीत ते आले आणि पुढील वीस वर्षांत अनेक देशांच्या गाड्यांत पोहोचले.

पिकअपमध्ये मात्र आजही पुष्कळदा जीपच्या काळची, बांधून टाकणारी पद्धतच असते. ती दणकट आणि स्वस्त पडते. म्हणूनच तिचे निदान करताना फर्ग्युसन यांना पडलेला प्रश्न आधी विचारावा लागतो: बळ कुठे अडले आहे? जाणते मेस्त्री प्रथम टायर पाहतात. चारही एकाच मापाचे, सारखे झिजलेले आणि सारख्या हवेचे आहेत ना? पुढे नवे आणि मागे झिजलेले टायर असतील तर गाडी सरळ रस्त्यावरही स्वतःशीच भांडत राहते आणि ट्रान्सफर केसचे तेल जळते. मग तेलाची पातळी व रंग. दुधाळ दिसले तर पाणी शिरले आहे. दिवा लुकलुकत असेल तर आधी फ्यूज, वायर, स्विच आणि पुढचा आस जोडणारी मोटर किंवा व्हॅक्यूमची नळी तपासायची, कारण दिवा फक्त जोडणी पूर्ण झाली नाही एवढेच सांगतो. गाडी सपाट जागी, चाकांना ओट लावून, पुढचे चाक जॅकवर उचलून हाताने फिरविले की हब लॉक झाले आहे की नाही हे शाफ्टवरून दिसते. पूर्ण वळवलेल्या स्टिअरिंगवर टक-टक आवाज असेल तर चाकाकडच्या सांध्यावर संशय घ्यावा. गाडी निघताना एकच ठोका येत असेल तर प्रॉपेलर शाफ्टचा क्रॉस पाहावा. गिअरबॉक्स उतरविण्याची पाळी या सगळ्यानंतर येते.

व्हिस्कस कपलिंगच्या जुन्या गाड्यांत लक्षण निराळे. द्रव थकला की तो आकसतो किंवा सैल पडतो. आकसला तर इमारतीच्या आवारात पूर्ण वळण घेऊन गाडी हळू चालविताना ब्रेक दाबल्यासारखी जड जाते. सैल पडला तर चिखलात पुढची चाके गरगरतात आणि मागची नुसती बघत बसतात. पहिल्या प्रकारात मालक बहुधा टायर बदलून पाहतो, आणि तेही दोनच.